खडबडीत पत्रा आणि गुळगुळीत पत्रा : सौर वायुतापकांवरील संशोधनाची चिकित्सा

संक्षुब्ध प्रवाहातील उष्णतासंक्रमणावर पृष्ठाच्या खडबडीतपणाचा काय परिणाम होतो, हा प्रश्न वरवर पाहता प्रयोगशाळेपुरता वाटतो. परंतु भारतात या प्रश्नाला गेल्या चार दशकांत जे स्थान मिळाले आहे, ते मुख्यतः सौर वायुतापकामुळे. काचेखाली काळा पत्रा, त्याच्या पाठीशी एक अरुंद पोकळी आणि त्या पोकळीतून वाहणारी हवा, इतकीच या यंत्राची रचना. हवा ही उष्णतेची फार मंद वाहक असल्यामुळे पत्रा तापतो, पण हवा पुरेशी तापत नाही. पत्र्याच्या आतल्या बाजूस बारीक तारा किंवा पट्ट्या आडव्या बसविल्या, तर हवेतील संक्षोभ वाढून उष्णता अधिक वेगाने उचलली जाते. या एका कल्पनेवर शेकडो निबंध व प्रबंध लिहिले गेले असून आजही लिहिले जात आहेत. तारांचा आकार, कोन, अंतर व मांडणी बदलावी, प्रत्येक मांडणीसाठी नवे सूत्र द्यावे आणि शेवटी नुसेल्ट अंक किती पट वाढला ते सांगावे, अशी या लेखनाची रूढ घडण झाली आहे.

या परंपरेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि हे संशोधन ज्या कामाच्या नावाने सुरू झाले, त्या कामाच्या कसोटीवर ते पुन्हा एकदा घासून पाहणे अगत्याचे आहे. ते काम म्हणजे शेतमालाची वाळवण. बुलढाणा जिल्ह्यासारख्या प्रदेशात तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. घाटावर चिखली, मेहकर, लोणार आणि घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, असे या जिल्ह्याचे दोन भाग आहेत. सोयाबीन मात्र दोन्हीकडे पिकते. ते ऑक्टोबरात निघते आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस येतो. किमान आधारभूत किमतीच्या खरेदीस ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या खरीप हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, यावरून अडचणीची तीव्रता कळते. १५ आणि १२ यांमधील तीन टक्के हे शेतकऱ्याच्या दृष्टीने घेतल्या जाणाऱ्या आणि परत पाठविल्या जाणाऱ्या मालातील अंतर आहे. खडबडीत पत्रा हे अंतर किती कमी करतो, असा प्रश्न विचारला की प्रयोगशाळेतील आकड्यांचे रूप पालटू लागते.

१. खडबडीतपणाची कल्पना

प्रथम या विषयाची शास्त्रीय बैठक पाहू. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८७४ मध्ये बाष्पित्राच्या तापपृष्ठाविषयीच्या निबंधात असे सुचविले की, वाहत्या द्रवातून भिंतीकडे संवेग ज्या यंत्रणेने पोचतो त्याच यंत्रणेने उष्णताही पोचते. म्हणून घर्षण मोजले असता उष्णतासंक्रमणाचा अंदाज करता येतो. हे सादृश्य गुळगुळीत पृष्ठावर व एकाच्या जवळपास प्रांटल अंक असलेल्या द्रवांत चांगले टिकते. हवेचा प्रांटल अंक सुमारे ०.७ असल्यामुळे गुळगुळीत वाहिनीतील हवेस ते लावण्यास विशेष अडचण येत नाही.

त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे गॉटिंगेन येथे प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली निकुराद्झे यांनी केलेले आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग. त्यांनी नळ्यांच्या आतून एकसारख्या आकाराचे वाळूचे कण चिकटवून प्रवाहाचा रोध मोजला. त्रिज्या व कणांची उंची यांचे गुणोत्तर त्यांनी १५ पासून ५०७ पर्यंत बदलले. यातून तीन अवस्था स्पष्ट झाल्या. कण जोपर्यंत भिंतीलगतच्या श्यान उपस्तरात बुडालेले असतात तोपर्यंत प्रवाहास खडबडीतपणा जाणवतच नाही. ते उपस्तराबाहेर डोकावू लागले की संक्रमणावस्था येते. ते पूर्ण बाहेर आले की घर्षणगुणक रेनल्ड्स अंकावर अवलंबून राहत नाही, तो केवळ सापेक्ष उंचीवर ठरतो. कणांची उंची घर्षणवेगाने गुणून श्यानतेने भागली असता जो अंक मिळतो, तो ५ पेक्षा कमी असेल तर पृष्ठ गुळगुळीत आणि ७० पेक्षा अधिक असेल तर पूर्ण खडबडीत, असा हा निकष आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पहिली ही की, निकुराद्झे यांनी उष्णता मोजली नव्हती. त्यांचे सर्व निष्कर्ष रोधाविषयी आहेत. दुसरी ही की, त्यांच्या प्रयोगांतील खडबडीतपणा एकाच संख्येने सांगता येण्याजोगा होता. आडव्या तारांच्या पृष्ठाचे वर्णन मात्र केवळ उंचीने होत नाही; तारांतील अंतर, त्यांचा छेद आणि प्रवाहाशी असलेला कोन हेही सांगावे लागते. अशा पृष्ठास समतुल्य वाळूकणाची उंची नेमून देणे ही एक सोय आहे; तिने पृष्ठाचे स्वरूप उलगडत नाही.

२. सादृश्य कोठे तुटते

खडबडीत पृष्ठावर रेनल्ड्स यांचे सादृश्य तुटते, आणि ते नेहमी एकाच दिशेने तुटते. कारण असे. उंचवट्यावर प्रवाह आदळला की त्याच्या पुढील बाजूस दाब वाढतो व मागील बाजूस कमी होतो. दाबांच्या या फरकानेच संवेगाचा मोठा वाटा भिंतीला मिळतो. उष्णतेच्या बाबतीत अशा दाबास प्रतिरूप असे काहीच नाही. पृष्ठाला चिकटून असलेल्या पातळ थरातून उष्णतेला अखेर रेणवीय वहनानेच पार व्हावे लागते. म्हणून खडबडीतपणा वाढविला असता घर्षण ज्या प्रमाणात वाढते, त्या प्रमाणात उष्णतासंक्रमण वाढत नाही.

हा मुद्दा १९५६ मधील नुनर यांच्या प्रयोगांत दिसतो. १९६३ मध्ये डिप्रे व सेबर्स्की यांनी वेगवेगळ्या प्रांटल अंकांसाठी त्याची पद्धतशीर तपासणी केली. त्याच वर्षी ओवेन व टॉमसन यांनी खडबडीत पृष्ठालगतच्या थराचा स्वतंत्र रोध गृहीत धरून त्याचे विवेचन केले. हेच तत्त्व उघड्या शेतालाही लागू पडते. कपाशीच्या शेतावरून वारा वाहतो तेव्हा संवेगासाठी जी खडबडीतपणाची लांबी धरावी लागते, तिच्या सुमारे दशांश लांबी उष्णतेसाठी धरण्याचा प्रघात आहे. झाड वाऱ्याला ज्या जोमाने अडविते, त्या जोमाने ते उष्णता देत नाही. वायुतापकातील तार आणि शेतातील कपाशीचे झाड यांच्या मुळाशी एकच भौतिक नियम आहे.

तारांच्या पृष्ठावर आणखी एक गोष्ट घडते. तारेच्या मागे प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि तारेच्या उंचीच्या साधारण सहा ते आठ पट अंतरावर पुन्हा भिंतीला येऊन मिळतो. या पुनर्मीलनाच्या जागी उष्णतासंक्रमण सर्वांत तीव्र असते. तारा फार जवळ बसविल्या तर पुनर्मीलन घडतच नाही. फार दूर बसविल्या तर अशी स्थळे विरळ होतात. म्हणून अंतर उंचीच्या दहापट ठेवावे, हा नियम प्रयोगांतून वारंवार निघतो. वेब, एकर्ट व गोल्डस्टाइन यांच्या १९७१ मधील कार्याने या विषयास नीट शिस्त लावली. उष्णतावाढ आणि घर्षणवाढ यांची एकत्र तुलना कशी करावी, याचा विचार वेब व एकर्ट यांनी १९७२ मध्ये केला. उष्णतागुणोत्तरास घर्षणगुणोत्तराच्या घनमूळाने भागावे, हा आज सर्वत्र वापरला जाणारा निर्देशांक त्या विचारातून आला. तो उष्णता-विनिमयकांच्या नळ्यांसाठी, म्हणजे समान पृष्ठक्षेत्र व समान वहनशक्ती या अटींवर मांडलेला होता, हे पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

३. भारतीय परंपरा आणि तिचे वळण

भारतात या विषयाचा आरंभ वाळवणीच्या उद्देशानेच झाला, ही गोष्ट आज बहुधा विसरली गेली आहे. प्रसाद व मलिक यांचा १९८३ मधील निबंध वाळवणीसाठी वापरायच्या सौर वायुतापकाविषयी होता. पत्र्याखाली बारीक तारा बसविल्याने पत्र्याचा कार्यक्षमता-गुणक ०.६३ वरून ०.७२ वर गेला, असा त्यांचा निष्कर्ष. ही वाढ सुमारे १४ टक्के होते. निष्कर्ष ज्या राशीत सांगितला गेला, ती निवड लक्षणीय आहे. कार्यक्षमता-गुणक म्हणजे पत्र्यावर आलेल्या उष्णतेपैकी किती भाग हवेला मिळतो याचे माप. यंत्र वापरणाऱ्याला तेच हवे असते.

पाच वर्षांनी, १९८८ मध्ये, प्रसाद व सैनी यांचा निबंध आला. तत्कालीन रुडकी विद्यापीठातील या कार्याने पुढील संशोधनाची दिशा ठरविली. रेनल्ड्स अंक ५,००० ते ५०,०००, तारेच्या उंचीचे वाहिनीच्या जलीय व्यासाशी प्रमाण ०.०२० ते ०.०३३, आणि अंतराचे उंचीशी प्रमाण १० ते २०, अशा मर्यादांत गुळगुळीत वाहिनीच्या तुलनेत नुसेल्ट अंक जास्तीत जास्त २.३८ पट व घर्षणगुणक ४.२५ पट झाल्याचे त्यात नमूद आहे. पुढे सैनी व सैनी यांनी १९९७ मध्ये पत्र्यावर विस्तारित धातुजाळी बसवून अनुक्रमे सुमारे चार व पाच पट वाढ दाखविली. २००२ मध्ये मोमिन, सैनी व सोलंकी यांनी इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या पट्ट्यांसाठी २.३० व २.८३ पट, तर भगोरिया, सैनी व सोलंकी यांनी पाचरीच्या आकाराच्या पट्ट्यांसाठी २.४ व ५.३ पट असे आकडे दिले.

या निबंधांतील मोजमाप काळजीपूर्वक केलेले आहे, त्याविषयी वाद नाही. आक्षेप आहे तो निष्कर्षाच्या राशीविषयी. १९८३ मध्ये कार्यक्षमता-गुणक बोलत होता. त्यानंतर नुसेल्ट अंकाचे गुणोत्तर बोलू लागले. पहिली राशी एकाच्या पलीकडे जाऊ शकत नाही, दुसरीला अशी मर्यादा नाही. संशोधनाच्या बाजारात २.३८ हा आकडा १.१४ पेक्षा साहजिकच अधिक उठून दिसतो. पण या दोन आकड्यांत अंतर किती, याचा हिशेब मांडल्यावाचून कोणता आकडा शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत पोचतो हे समजणार नाही.

४. एक हिशेब

दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व २५ मिलिमीटर खोल पोकळीचा एक वायुतापक कल्पू. बुलढाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे; तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतो. तापलेल्या हवेची घनता दर घनमीटरला १.०३ किलोग्रॅम धरू. पंख्याने सेकंदाला ०.०४ किलोग्रॅम हवा ओढली, तर पोकळीतील वेग सेकंदाला सुमारे १.५५ मीटर आणि रेनल्ड्स अंक सुमारे ४,००० येतो. प्रवाह संक्षुब्ध आहे, पण जेमतेम. १९८८ मधील सूत्रांची मर्यादा ५,००० पासून सुरू होते, हेही येथेच नोंदवावे. श्यान उपस्तराची जाडी सुमारे ०.८ मिलिमीटर भरते, म्हणून १.२ मिलिमीटर जाडीची तार त्यातून डोकावते व आपले काम करते. तिच्या उंचीवर आधारलेला निकुराद्झे यांचा अंक वाढलेले घर्षण लक्षात घेऊनही १५ च्या आसपासच राहतो. पूर्ण खडबडीतपणासाठी हवा असलेला ७० चा टप्पा फार दूर आहे.

गुळगुळीत पत्र्यावर प्रचलित सूत्राने उष्णतासंक्रमण-गुणक दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे ७ वॅट येतो. एका काचेच्या तापकाचा ऱ्हास-गुणकही सुमारे ७ धरता येतो. तेव्हा सरळ हिशेबाने पत्र्याचा कार्यक्षमता-गुणक ०.५० होतो. आता खडबडीतपणाला अनुकूल असा कमाल आकडा घेऊ : संक्रमण-गुणक २.३८ पट झाला असे मानू. तो १६.७ होतो आणि कार्यक्षमता-गुणक ०.७० वर जातो. पोकळीतून पुढे जाताना हवा तापत जाते, याचा हिशेब धरला तर हवेने घेतलेल्या उष्णतेचा गुणक ०.४६ वरून ०.६३ वर जातो. म्हणजे नुसेल्ट अंकात १३८ टक्के वाढ झाली, पण हाती आलेली उष्णता ३६ टक्क्यांनी वाढली. पत्र्याने दर चौरस मीटरला ६४० वॅट शोषले असे मानल्यास सुमारे ५९० वॅटच्या जागी ८०० वॅट मिळतात.

हा लाभ खरा आहे आणि तो लहानही नाही. मात्र तो प्रवाहाबरोबर बदलतो. वेग वाढवून गुळगुळीत पत्र्याचाच संक्रमण-गुणक ऱ्हास-गुणकाच्या तिप्पट केला असेल, तर कार्यक्षमता-गुणक मुळातच ०.७५ असतो आणि तीच २.३८ पट वाढ त्याला केवळ ०.८८ वर नेते. जेथे प्रवाह अधिक संक्षुब्ध, तेथे सूत्रे अधिक विश्वसनीय आणि लाभ कमी. जेथे लाभ अधिक, तेथे प्रवाह सूत्रांच्या मर्यादेबाहेर. हा विरोध या साहित्यात फारसा बोलला जात नाही.

५. तुलना कोणाशी?

याहून गंभीर प्रश्न तुलनेचा आहे. खडबडीत वाहिनीची तुलना बहुतेक निबंधांत त्याच मापाच्या गुळगुळीत वाहिनीशी केली जाते. प्रयोगशाळेच्या दृष्टीने ते ठीक आहे, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा प्रयोगाचा नियम. पण रचनाकाराच्या दृष्टीने ती तुलना अपुरी आहे. घर्षण ४.२५ पट वाढू देण्याची तयारी असेल, तर तीच किंमत मोजून गुळगुळीत वाहिनीतून काय मिळाले असते, हे पाहिले पाहिजे.

पोकळी अरुंद करणे हा त्याचा सोपा मार्ग. रुंद वाहिनीत हवेचे वस्तुमान तेच ठेवून खोली कमी केली तर रेनल्ड्स अंक बदलत नाही, पण संक्रमण-गुणक खोलीच्या व्यस्त प्रमाणात वाढतो आणि दाबातील घट खोलीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. २५ मिलिमीटरची पोकळी १५.४ मिलिमीटर केली की दाबातील घट नेमकी ४.२५ पट होते आणि संक्रमण-गुणक १.६२ पट. ४.२५ चे घनमूळही १.६२ च आहे. अर्थात वेब व एकर्ट यांचा निर्देशांक येथे एक साधा व सुंदर अर्थ घेऊन येतो : २.३८ भागिले १.६२, म्हणजे १.४७, हे खडबडीत वाहिनीचे समान दाबघटीच्या अरुंद गुळगुळीत वाहिनीवरील वर्चस्व होय. परंतु हे वर्चस्व संक्रमण-गुणकाचे आहे, उष्णतेचे नाही. उष्णतेचा हिशेब केला तर अरुंद गुळगुळीत वाहिनी सुमारे ७१० वॅट देते आणि खडबडीत ८०० वॅट. निर्देशांक ४७ टक्के सांगतो, वायुतापक मात्र १२ ते १३ टक्केच देतो.

या १२ टक्क्यांची किंमत काय, हेही पाहावे. १.२ मिलिमीटरची तार उंचीच्या दहापट, म्हणजे १२ मिलिमीटर अंतरावर बसवायची झाल्यास दोन मीटरच्या पत्र्यावर एक मीटर लांबीच्या सुमारे १६६ तारा लागतात, आणि त्या सर्व पत्र्याला सरळ व घट्ट चिकटल्या पाहिजेत. उलट पोकळी पंधरा मिलिमीटर ठेवण्यासाठी गावातील कारागिराला केवळ वेगळ्या जाडीची पट्टी घ्यावी लागते. प्रयोगशाळेतील पत्रा स्वच्छ असतो. कापसाच्या व काळ्या मातीच्या मुलखात हवेबरोबर धूळ व तंतू येतात आणि त्यांना अडकण्यास तारांच्या मागील निवांत जागा सोयीची असते. पुनर्मीलनाची सर्व मीमांसा ज्या एक-दीड मिलिमीटरवर उभी आहे, ते मिलिमीटर टिकले तरच १२ टक्के टिकतील.

६. पंखा आणि धुराडे

घर्षणाच्या बाजूनेही निर्देशांक पुरेसा बोलत नाही, आणि येथे आक्षेप दोन्ही दिशांनी जातो. आपल्या कल्पित तापकात गुळगुळीत पोकळीतील दाबघट सुमारे २.२ पास्कल व खडबडीत पोकळीतील ९.३ पास्कल येते. पंख्याने वाळवण करताना हवेला धान्याच्या थरातूनही जावे लागते. पाव चौरस मीटर छेदाच्या पेटीत ३० सेंटीमीटर जाडीचा सोयाबीनचा थर असेल, तर एर्गन यांच्या १९५२ मधील सूत्राने त्याचा रोध सुमारे ३७ पास्कल भरतो. म्हणजे एकूण दाबघट ३९ वरून ४६ पास्कल होते. पोकळीतील घर्षण चौपट झाले, तरी पंख्यावरील भार १८ टक्क्यांच्या आसपासच वाढला. शक्तीच्या भाषेत हवेला द्यावी लागणारी जादा शक्ती पाव ते तीन दशांश वॅट, आणि मिळणारी जादा उष्णता दोनशे वॅटच्या घरात. अशा यंत्रात घर्षणाची भीती अनाठायी आहे. घनमूळाने भागून खडबडीतपणाला येथे उगाच शिक्षा दिली जाते.

पण ज्या शेतात वीज नाही किंवा दिवसा मिळत नाही, तेथे धुराड्याच्या ओढीवर चालणारा तापक वापरला जातो. दोन मीटर उंचीचे धुराडे आणि वीस अंशांची तापमानवाढ यांतून मिळणारी ओढ सुमारे १.३ पास्कल असते. गुळगुळीत पोकळीत एवढ्या ओढीने रेनल्ड्स अंक ३,००० च्या जवळ राहतो. धान्याचा रोध धरला तर आणखी खाली येतो. खडबडीत पोकळीत वेग जवळजवळ निम्मा होऊन हा अंक १,५०० वर उतरतो. प्रवाह मंदावल्याने तापमानवाढ दुप्पट झाली असे मानले तरी तो २,१०० च्या पुढे जात नाही. मग संक्षोभच उरत नाही. ज्या संक्षोभासाठी तारा बसविल्या, तो तारांनीच नाहीसा केला, असा हा प्रकार होतो. अशा तापकावर ५,००० ते ५०,००० च्या मर्यादेतील सूत्रे लावणे केवळ अचूकतेत उणे नाही. ते दिशाच चुकविणारे आहे.

म्हणजे पंख्याच्या तापकात निर्देशांक घर्षणाला अवाजवी महत्त्व देतो आणि धुराड्याच्या तापकात निर्णायक असलेले घर्षण त्याच्या दृष्टीआड राहते. दोष निर्देशांकाच्या कर्त्यांचा नाही. त्यांनी आपल्या अटी स्पष्ट सांगितल्या होत्या. अटी मागे राहिल्या आणि निर्देशांक तेवढा पुढे आला.

७. खळ्यावरील अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक क्विंटल सोयाबीन १५ टक्के ओलाव्यावरून १२ टक्क्यांवर आणण्यास सुमारे ३.४ किलोग्रॅम पाणी काढावे लागते. बाष्पीभवनाची उष्णता व वाळवणयंत्राची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर सुमारे २१ मेगाजूल उष्णता लागेल. दुपारच्या स्थिर उन्हाच्या हिशेबाने खोल गुळगुळीत तापकास त्यासाठी दहा तास, अरुंद गुळगुळीत तापकास सव्वाआठ तास आणि खडबडीत तापकास सव्वासात तास लागतील. ऑक्टोबरातील एका दिवसात एवढे ऊन सलग मिळत नाही. म्हणून हे आकडे तुलनेसाठीच घ्यावेत. तरीही त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. दहा तासांवरून सव्वासातांवर येणे ही आभाळ भरून येण्याच्या दिवसांत मोठी गोष्ट आहे. पण त्या पावणेतीन तासांपैकी पावणेदोन तास केवळ पोकळीची खोली योग्य ठेवल्याने मिळतात आणि उरलेला एक तास तारांमुळे.

येथे आणखी एक बाब विसरता येत नाही. ८०० वॅट उष्णता घेतल्यावर हवा सुमारे वीस अंशांनी तापते. बाहेर तीस अंश असल्यास ती पन्नासला पोचते. दाळीसाठी किंवा तेलासाठी जाणाऱ्या मालास हे चालेल, पण बियाण्यासाठी ठेवायच्या सोयाबीनला चाळिशीच्या आसपासच थांबावे लागते, नाहीतर उगवणशक्ती घटते. तेथे अधिक उष्ण हवेपेक्षा अधिक हवा उपयोगी पडते. हवा वाढविली की गुळगुळीत पत्र्याचाही संक्रमण-गुणक वाढतो आणि खडबडीतपणाची गरज आणखी कमी होते.

८. समारोप

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष खडबडीत पत्रा निरुपयोगी आहे असा नाही. पंख्याने चालणाऱ्या, मंद प्रवाहाच्या व स्वच्छ हवेच्या तापकात तो निश्चित लाभ देतो. निष्कर्ष असा की, त्या लाभाचे माप आज ज्या राशीत सांगितले जाते, ती राशी लाभाला तिप्पट-चौपट फुगविते, आणि तुलनेसाठी घेतलेली गुळगुळीत वाहिनी ही गुळगुळीत वाहिनीचे उत्तम रूप नसते. प्रसाद व मलिक यांनी १९८३ मध्ये ज्या राशीत उत्तर दिले, तिच्याकडे परत जाणे ही मागे जाण्याची गोष्ट नव्हे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यातून तीन कामे उभी राहतात. एक, दोन ते पाच हजार रेनल्ड्स अंकांच्या दुर्लक्षित पट्ट्यात, जेथे शेतावरील तापक प्रत्यक्ष चालतात, तेथे मोजमाप करणे. दोन, प्रत्येक खडबडीत मांडणीची तुलना समान दाबघटीच्या अरुंद गुळगुळीत वाहिनीशी करणे आणि निष्कर्ष वॅटमध्ये देणे. तीन, पत्रा एक हंगाम शेतावर वापरून त्यावर धूळ बसल्यानंतर पुन्हा मोजणे. यांपैकी कोणत्याही कामास महागडी उपकरणे लागत नाहीत. या जिल्ह्यात शेगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि सोयाबीनचे खळे तर गावोगाव आहे. प्रयोगशाळा व खळे यांमधील अंतर रस्त्याने थोडे आहे; निबंधांत मात्र ते फार वाढले आहे. नवा आकार शोधून त्याचे नवे सूत्र देण्यापेक्षा हे अंतर मोजणे अधिक कठीण असून, त्या मोजमापाला आकर्षक आकडाही मिळणार नाही. पण ओलाव्याच्या तीन टक्क्यांसाठी थांबलेल्या मालाला उपयोगी पडेल ते तेच मोजमाप होय.